माझगावची इस्रायली शाळा : एका लहान समाजाची विद्यासंस्था आणि तिच्या तीन भाषा

महाराष्ट्रातील खाजगी शिक्षणसंस्थांचा इतिहास सांगताना १ जानेवारी १८८० हा दिवस प्रारंभबिंदू म्हणून घेण्याची प्रथा आहे. त्या दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली, आणि सरकार व मिशन या दोहोंच्या आश्रयावाचून एतद्देशीयांना उत्तम शाळा चालविता येते हे पुढे सिद्ध झाले. ही प्रथा चुकीची आहे असे नाही. तथापि तीमुळे काही लहान प्रयत्न दृष्टीआड होतात. पुण्यातील या उपक्रमाच्या पाच वर्षे आधी, १८७५ साली, मुंबईत एका मराठीभाषक समाजाने स्वतःची शाळा काढली होती. हा समाज म्हणजे कोकणातील ज्यू, ऊर्फ बेने इस्रायल. शाळेचे नाव इस्रायलाइट स्कूल. समाजाच्या बोलण्यात ती इस्रायली शाळा. तिच्या संस्थापकांमधील प्रमुख पुरुष हाईम सॅम्युएल केहीमकर यांचे आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आलेले होते.

काही हजार माणसांच्या समाजाला स्वतंत्र शाळेची आवश्यकता का भासावी, आणि तीत कोणत्या भाषेला कोणते स्थान द्यावे, हे दोन प्रश्न या शाळेच्या इतिहासाच्या मुळाशी आहेत. शैक्षणिक इतिहासकार पहिल्या प्रश्नाकडे पाहतात, दुसऱ्याकडे सहसा पाहत नाहीत. वस्तुतः दुसऱ्याच्या उत्तरावाचून पहिला नीट समजत नाही.

बेने इस्रायल कोकणात केव्हा आले याविषयी विद्वानांत एकमत नाही. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी समाजाची परंपरागत कथा आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, खेड्यांतून हे लोक तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरची भाषा मराठी, नेसूचे लुगडे मराठी, आडनावे पेणकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली. हिब्रू भाषेपैकी मुखोद्गत उरली होती ती ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा एवढीच. धर्माचा बाकी सारा व्यवहार मराठी शब्दांवर उभा होता. याचा सर्वांत बोलका पुरावा सणांच्या नावांत सापडतो. ज्यू वर्षारंभाला हे लोक ‘नव्याचा सण’ म्हणत. ज्या प्रायश्चित्तदिनी दारे लावून घेऊन उपवास करावयाचा, तो ‘दारफळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन कोकणातल्या वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ झाला होता. ही नावे भाषांतरे नव्हेत. मूळ हिब्रू संज्ञा विस्मृत झाल्यावर आचारावरून नव्याने पडलेली ती नावे आहेत, आणि ग्रंथावाचून धर्म टिकतो तेव्हा तो क्रियांच्या रूपाने टिकतो, हे त्यांवरून उत्तम प्रकारे दिसते.

व्यक्तिनामांचीही गोष्ट अशीच. बायबलमधील नावे कोकणी वळणाने उच्चारली जाऊन त्यांना मराठी ‘जी’ जोडला गेला होता. सॅम्युएलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा अबाजी, मोझेसचा मुसाजी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ साली ज्याने मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले तो सॅम्युएल एझिकेल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होता. पुढे शिक्षणाचा प्रसार झाला तशी ‘सामाजी’ आणि ‘हसाजी’ ही रूपे मागे पडली. पण त्यांच्या जागी हिब्रू ‘शेमुएल’ आणि ‘यहेझकेल’ न येता इंग्रजी ‘सॅम्युएल’ आणि ‘एझिकेल’ आली. नाव मूळपदावर आणण्याच्या खटाटोपात ते तिसऱ्याच भाषेच्या दारातून परत यावे, ही एकोणिसाव्या शतकातील बेने इस्रायलांच्या संपूर्ण शिक्षणाचीच कथा आहे.

हिब्रूचे पुनरुज्जीवन दोन मार्गांनी झाले. कोचीनचे ज्यू शिक्षक व उपाध्याय कोकणात आणि मुंबईत येऊन प्रार्थना शिकवू लागले, हा एक मार्ग. दुसरा अधिक चमत्कारिक होता. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने काढलेल्या मराठी शाळांत बेने इस्रायल मुले शिकू लागली, आणि १८२९ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहून प्रसिद्ध केले. या मुलांनी जुना करार मूळ भाषेत वाचावा आणि त्यातून नव्या कराराकडे वळावे, असा मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. तो हेतू जवळजवळ निष्फळ ठरला. मुले व्याकरण शिकली, पुस्तक वाचू लागली, आणि ते वाचून अधिकच निष्ठावंत ज्यू झाली. विल्सनसाहेबांच्या खात्यावर हे अपयश मांडावयाचे की यश, हे ज्याने त्याने ठरवावे. मराठी गद्याच्या दृष्टीने मात्र त्यांचे पुस्तक महत्त्वाचे आहे, कारण एका सेमिटिक भाषेचे व्याकरण मराठीतून सांगण्याचा तो अगदी आरंभीचा प्रयत्न होय.

मराठी विद्यार्थ्याला हिब्रू शिकताना काय सुकर आणि काय दुष्कर जाते, याचा येथे थोडा विचार केल्यास ‘हिब्रू मराठीतून शिकणे’ म्हणजे नेमके काय हे ध्यानात येईल. इंग्रज मुलाला ‘तो गेला’ आणि ‘ती गेली’ यांत क्रियापद का बदलावे हे समजावून द्यावे लागते. मराठी मुलाला ते द्यावे लागत नाही. हिब्रूत ‘हालख’ म्हणजे तो गेला व ‘हालखा’ म्हणजे ती गेली, असे सांगितले की त्याला आपलेच काही ऐकल्यासारखे वाटते. परंतु सकर्मक क्रियापद येताच घोटाळा होतो. मराठीत ‘त्याने पोथी लिहिली’ असे म्हणताना क्रियापद पोथीच्या लिंगाने जाते, लिहिणाऱ्याच्या नव्हे. हिब्रूत ते नेहमी कर्त्याच्याच लिंगाने चालते. तेव्हा पहिल्या पायरीवर जी भाषा सोबतीण वाटते तीच दुसऱ्या पायरीवर पाय ओढते. नपुंसकलिंग हिब्रूत नाही, ही आणखी एक अडचण. उलट, तीन व्यंजनांच्या धातूवरून निरनिराळी रूपे सिद्ध होतात ही हिब्रूची मुख्य कल्पना, ‘धातु’ हा शब्द ज्याच्या शाळेतल्या व्याकरणात आधीच आहे त्याला सहज पटते. लिपी उजवीकडून डावीकडे जाते याचा बाऊ फार केला जातो. मुलांना त्याची सवय आठवड्याभरात होते.

उच्चाराचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. हिब्रूतील ‘ताव’ या वर्णाचा विशिष्ट स्थानी होणारा घर्षक उच्चार येथे देवनागरी ‘थ’ने दर्शविला गेला. वास्तविक मराठी ‘थ’ हा महाप्राण स्फोटक आहे, घर्षक नव्हे. परंतु जवळचे दुसरे अक्षर नव्हते. त्यामुळे ‘शब्बाथ’ हा शब्द बेने इस्रायलांच्या मराठीत ‘थ’ने रूढ झाला. पुण्याच्या रास्ता पेठेत १९२१ साली उभारलेल्या त्यांच्या प्रार्थनामंदिराचे नाव ‘सुक्कथ शेलोमो’ आहे. आजच्या इस्रायलमध्ये हाच शब्द ‘सुक्कत’ आणि तोच वार ‘शबात’ असा उच्चारतात. रास्ता पेठेतल्या एका इमारतीच्या नावात एक जुनी उच्चारपरंपरा अशी जपली गेली आहे.

शाळेच्या स्थापनेपूर्वीच मराठी-हिब्रू ग्रंथव्यवहार सुरू झाला होता. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये छापला गेला. त्याची दुसरी प्रसिद्ध आवृत्ती पुण्याची आहे. ती १८७४ साली, म्हणजे शाळेच्या आदल्याच वर्षी, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात निघाली. सिद्ध करणारे मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनियल तळकर. या पुस्तकात बेखमीर भाकरी तयार करण्याच्या क्रिया दाखविणारी चित्रे असून त्यांतील स्त्रिया भारतीय वेशात आहेत. पुण्यातील एका ब्राह्मणाच्या छापखान्यात इजिप्तमधून झालेल्या सुटकेची कथा हिब्रू आणि मराठी अशी समोरासमोर छापली जात होती, ही गोष्ट त्या काळच्या पुण्याविषयीच्या आपल्या रूढ कल्पनांत सहजासहजी बसणारी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली या आवृत्तीची छायाप्रत निघाली, त्यानंतर ती संशोधकांच्या हाती सुलभपणे येऊ लागली.

याप्रमाणे हिब्रूची सोय होत होती आणि मराठी तर घरचीच होती. मग १८७५ मध्ये उणे काय होते? इंग्रजी. बेने इस्रायलांचे अनेक पुरुष कंपनीच्या मुंबई पलटणीत नोकरी करून एतद्देशीय अधिकाऱ्यांच्या हुद्द्यापर्यंत चढले होते. पुणे लष्करात या समाजाची वस्ती झाली तीही मुख्यतः त्यामुळेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जातवार भरतीचे धोरण आले. लहान समाजाला आपली स्वतंत्र तुकडी उभी करणे शक्य नसल्याने पलटणीतली ही वाट बंद होत गेली. उरली ती कारकुनी, रेल्वे, टपाल, रुग्णालये. त्या सर्वांचा दरवाजा इंग्रजीचा होता. बापाने परेडवर जे मिळविले होते ते मुलाने परीक्षेत मिळवावयाचे होते. शाळा निघाली ती या गरजेतून, आणि आरंभी ती इंग्रजी प्राथमिक शाळा होती. १८९२ मध्ये तिचे हायस्कूल झाले.

परंतु इंग्रजी मिशनच्या शाळेतही मिळत होतीच. तेथे हिब्रूही काही प्रमाणात मिळे. मात्र ती दुसऱ्याच्या धर्मोपदेशासह. सरकारी शाळेत धर्मोपदेश नव्हता, पण हिब्रूही नव्हती. मुंबईत बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंची डेव्हिड ससून बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशन ही संस्था होती. ती त्या समाजाच्या मुलांसाठी होती आणि तेथील घरांची भाषा अरबी होती. या संस्थेचे मुख्याध्यापकपद मात्र सुमारे चाळीस वर्षे एका बेने इस्रायलाकडे होते. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे ते गृहस्थ. विल्सनसाहेबांच्या शाळेत शिकलेल्या राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्याचे प्रचंड काम केले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम पाहिले. आपल्या समाजाबाहेरच्या शाळेत आयुष्य वेचून आपल्या समाजाला मराठी प्रार्थना देणाऱ्या या मनुष्याचे चरित्र मराठीत अद्याप विस्ताराने लिहिले जावयास हवे. केहीमकरांचे नाव संस्थापक म्हणून राहिले ते योग्यच आहे. पण शाळेत शिकविलेल्या हिब्रूला मराठी अर्थ ज्यांनी दिला त्यांत राजपूरकर अग्रगण्य होत.

तात्पर्य, इंग्रजी, हिब्रू आणि मराठी या तीनही भाषा परक्या धर्माच्या सावलीवाचून एकत्र मिळतील अशी जागा नव्हती. इस्रायली शाळा ही ती जागा होय. तीत प्रत्येक भाषेचे क्षेत्र वेगळे राहिले. इंग्रजी उपजीविकेसाठी, हिब्रू उपासनेसाठी. आणि मराठीला मात्र कोणतेच एक प्रयोजन नेमून दिलेले नव्हते, कारण ती सर्व प्रयोजनांच्या खाली अंथरलेली होती. हिब्रूचा अर्थ मराठीत सांगावयाचा, इंग्रजीचाही मराठीतच. या शाळेमुळे समाज मराठीपासून दुरावला असा समज क्वचित आढळतो. तो त्या काळच्या ग्रंथव्यवहाराशी जुळत नाही. शाळा स्थापन झाल्यानंतरच्याच दशकांत समाजाची मराठी आणि इंग्रजी-मराठी नियतकालिके निघू लागली, आणि १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने रचण्याची व करण्याची चळवळ सुरू झाली. अब्राहम, जोसेफ, मोझेस यांची चरित्रे साकी, दिंडी, आर्या अशा वृत्तांतून आणि हरदासी थाटात गायली जाऊ लागली. ज्या पिढीने हिब्रू नव्याने वाचली तिनेच ती मराठी छंदांत ओतली.

संस्थेचा कमकुवत बिंदू होता द्रव्य. समाजात धनिक फारसे नव्हते, पगारदार होते. ज्यांना परवडे ते आपल्या मुलांना नावाजलेल्या मिशन वा सरकारी शाळांत घालीत, आणि समाजाच्या शाळेकडे मुख्यतः गरिबांची मुले येत. लहान समाजाच्या शाळेची ही जुनीच व्यथा आहे. सर्वांना ती असावी असे वाटते, पण आपले मूल तेथे असावे असे प्रत्येकाला वाटत नाही. यामुळे केहीमकरांना परदेशी धर्मबांधवांपुढे हात पसरावा लागला. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य शाळेला दीर्घकाळ मिळाले. मदत देणाऱ्याला आपण कोणाला मदत देतो हे कळावयास हवे असते. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला तो इंग्रजीत, मराठीत नव्हे. त्या ग्रंथाचा सूर वाचताना, आपण अस्सल ज्यू आहोत हे दूरच्या वाचकाला पटवून देण्याची निकड पानोपानी जाणवते. शाळेचा अर्ज आणि समाजाचा इतिहास ही एकाच लेखणीची कामे होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ग्रंथ मात्र चाळीस वर्षे हस्तलिखितातच पडून राहिला. इमॅन्युएल ओल्सव्हँगर हे झायोनिस्ट कार्यकर्ते १९३६ मध्ये भारतात आले असता त्यांचे त्याकडे लक्ष गेले व १९३७ साली तो तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. तोवर केहीमकर हयात नव्हते.

शाळेच्या इतिहासातील दुसरे मोठे नाव पुण्याशी निगडित आहे. रिबेका रूबेन (१८८९–१९५७) या पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या. मुलींना ही परीक्षा देणेच अजून अपूर्वाईचे होते अशा काळात हे घडले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि केंब्रिज येथे इस्रायल अब्राहम्स यांच्यासारख्या पंडिताजवळ हिब्रूचे अध्ययन केले. १९१३ मध्ये त्यांची ‘बेने इस्रायल ऑफ बॉम्बे’ ही पुस्तिका निघाली. १९१७ पासून काही वर्षे त्यांनी समाजाचे वार्षिक संपादिले. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे त्या इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

येथे एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. ज्या बाईंनी या शाळेला तिचा सर्वांत स्थिर कालखंड दिला त्या स्वतः समाजाच्या शाळेत घडलेल्या नव्हत्या. पुण्यातील बेने इस्रायल मुलेमुली सामान्यतः शहरातल्या सर्वांच्या शाळांतून, इतर मराठी मुलांच्या शेजारी बसून शिकत. लष्करात १८६७ मध्ये पूर्ण झालेले ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे पुणेकरांचे लाल देऊळ, होते. पण ते ससूनांनी बांधलेले, बगदादी परंपरेचे. बेने इस्रायलांचे स्वतःचे मंदिर रास्ता पेठेत व्हावयास १९२१ साल उजाडले. धर्म घरात आणि मंदिरात, विद्या हुजूरपागेत, अशी पुण्याची रीत होती. मुंबईने तिन्ही एका छपराखाली आणली होती. रिबेका रूबेन यांच्या कारकीर्दीत या दोन रीती एकत्र आलेल्या दिसतात. हिब्रूच्या विद्वान असूनही त्यांचे शैक्षणिक लेखन केवळ समाजापुरते राहिले नाही. त्यांनी सर्वसामान्य शाळांसाठी इंग्रजी वाचनमालाही लिहिली. समाजाची शाळा ही समाजाची भिंत असू नये, असे त्यांना वाटत असावे, असे या कामावरून वाटते.

१९३० नंतरच्या काळात हाँगकाँग व शांघाय येथील बगदादी ज्यू उद्योगपती सर एली कडूरी यांच्या देणगीमुळे शाळेचा आर्थिक प्रश्न बराच सुटला, आणि ती सर एली कडूरी हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. नाव दात्याचे आले, संस्थापकांच्या समाजाचे गेले. यात तक्रारीस जागा नाही. देणगीची तशी रीतच आहे. पण मुंबईत बगदादी आणि बेने इस्रायल यांच्यात जो दुरावा होता तो ज्याला ठाऊक आहे त्याला या नामांतरातील विनोद कळल्यावाचून राहणार नाही.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि समाज हळूहळू तिकडे जाऊ लागला. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे साडेसव्वीस हजार ज्यू नोंदले गेले होते. २०११ मध्ये ही संख्या पाच हजारांच्याही खाली आली. तिकडे गेलेल्यांना साठीच्या दशकाच्या आरंभी विवाहाच्या बाबतीत धर्मपीठाच्या शंकांना तोंड द्यावे लागले. केहीमकरांनी लंडनसाठी जे लिहिले होते तेच पुन्हा जेरुसलेमला पटवून देण्याची पाळी आली. १९६४ मध्ये तेथील सरकारने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. माझगावची शाळा मात्र बंद पडली नाही. तिच्यातील ज्यू विद्यार्थी कमी होत गेले आणि आसपासच्या वस्तीतील इतर धर्मांची मुले, विशेषतः मुसलमान मुले, तिच्यात भरत गेली. साठीच्या दशकात ‘ओर्ट’ या आंतरराष्ट्रीय ज्यू संस्थेने मुंबईत व्यवसायशिक्षण सुरू केले. ते ज्यांना इस्रायलमध्ये कारागिरीवर पोट भरावयाचे होते त्यांना उपयोगी पडले. १८७५ मध्ये इंग्रजीने जे करावयाचे होते ते आता लेथ आणि वेल्डिंग करीत होते.

तीन भाषांपैकी हिब्रू आता दैनंदिन व्यवहाराची झाली, उपासनेची राहिली नाही असे नव्हे, पण बाजारातही तीच. इंग्रजीची निकड उरली नाही. राहिली मराठी, आणि तिला प्रथमच एक नेमके प्रयोजन मिळाले. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात इस्रायलमधील बेने इस्रायलांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक सुरू केले. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत वस्ती केलेल्या घरांतून ते वाचले जाऊ लागले. आजोबांनी हिब्रूचा अर्थ ज्या भाषेत समजून घेतला होता, ती आता नातवंडांना हिब्रूतून समजावून सांगावी लागत होती.